ग्रुप टूर, नदीवरची क्रूझ की आपलं आपण? अमळनेरच्या आप्पांना उत्तर

आप्पा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमळनेरचे, हायस्कूलमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तुमचं वय साठ, काकूंचं सत्तावन्न. तुम्हाला शुगर आहे, काकूंचे गुडघे धरतात. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. युरोपसाठी दोघांचे मिळून सात लाख बाजूला काढलेत. शेजारचं जोडपं 'बारा दिवसांत आठ देश' करून आलं, ते म्हणतं ग्रुप टूरच घ्या. पुण्याचा मुलगा म्हणतो, कंपनीला कशाला पैसे देता, मी सगळं मोबाइलवर बुक करून देतो. जर्मनीतल्या भाच्यानं ऱ्हाइन नदीवरच्या सात रात्रींच्या क्रूझचं माहितीपत्रक पाठवलंय. या तिघांत चांगलं कोणतं, असं तुम्ही विचारलंत. आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर एक ओळ: 'घरच्यांचं म्हणणं एवढंच की बोटीत निवांत बसायला मिळावं. त्यांचं माहेर तापीकाठचं.'

तुमच्या पत्रातली कामाची ओळ ती. बाकीचे सगळे तीन पुरुषांनी तुम्हाला दिलेले सल्ले आहेत.

मी मूळची धुळ्याची. सोळा वर्षं टूर मॅनेजर म्हणून ग्रुप घेऊन फिरले, त्यात चार-पाच वेळा नदीवरच्या क्रूझवरही गेले. आता जळगावात बसून लोकांचे प्रवास आखून देते. तिन्ही दुकानांच्या गल्ल्यावर बसून झालंय, म्हणून मोकळेपणानं सांगते. यात चांगलं-वाईट नसतं. प्रत्येक ठिकाणी तुम्ही वेगळी गोष्ट विकत घेता, आणि बहुतेक लोकांना आपण काय विकत घेतलं ते परत आल्यावर कळतं.

शेजाऱ्यांच्या ग्रुप टूरपासून सुरू करते. ग्रुप टूरमध्ये तुम्ही विकत घेता ती बिनघोरी. कुठे उतरायचं, काय खायचं, तिकीट कुठल्या खिडकीवर, बॅग हरवली तर कोणाशी भांडायचं, हे सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर. पहिल्यांदाच देशाबाहेर जाणाऱ्याला ही फार मोठी गोष्ट आहे, तिला नाकं मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. विमानतळावर चाळीस माणसांत एक मराठी बोलणारी पोरगी पाटी घेऊन उभी आहे, हे बघून ज्यांच्या जिवात जीव येतो अशी माणसं मी शेकड्यानं पाहिली आहेत. एरंडोलकडच्या एका आजींनी मुंबईच्या विमानतळावर माझा हात धरला तो थेट रोममध्ये सोडला. विमान सुटायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, 'माय, तठे भाकर भेटी का?' भाकर भेटली नाही, पण रोज रात्री वरणभात भेटला, आणि त्यावर त्या खूश होत्या.

या बिनघोरीची किंमत वेळेत मोजावी लागते. आठ देश बारा दिवसांत म्हणजे काय, ते बसच्या हिशेबानं बघा. पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न हे अंतर साधारण ६०० किलोमीटर. म्हणजे जळगावहून पुण्याला जायचं आणि तिथून निम्मी वाट परत यायचं, एका दिवसात. बरं, तिथला ड्रायव्हर आपल्याकडच्यासारखा 'चला, एक चहा मारू नि काढू पहाटेपर्यंत' म्हणणारा नसतो. युरोपीय महासंघाचा नियम आहे: साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आठवड्यातून फार तर दोनदा दहा. गाडीत यंत्र बसवलेलं असतं, ते मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. दोन दिवसांच्या मध्ये ड्रायव्हरला सलग विश्रांतीही द्यावी लागते. म्हणून रात्री कोणी खरेदीत अर्धा तास उशीर केला, की तो अर्धा तास दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या भेटीतून कापला जातो. टूर मॅनेजर 'चला चला' का करते, त्याचं कारण बहुतेक वेळा ते यंत्र असतं. सोळा वर्षं मी तेच करत होते, आणि लोक मला मनातल्या मनात हेडमास्तरीण म्हणत होते, हेही मला माहीत आहे.

दिवस कसा जातो ते सांगते. साडेसहाला बॅगा खोलीबाहेर. सातला नाश्ता. आठला बस. बहुतेक हॉटेलं शहराबाहेर हमरस्त्याला लागून, कारण तिथं बस उभी राहते आणि खोली स्वस्त पडते. संध्याकाळी खाली उतरून गावात चक्कर मारावी म्हटलं तर समोर पेट्रोल पंप आणि फर्निचरचं दुकान. बारा दिवसांत सात-आठ हॉटेलं, म्हणजे सात-आठ वेळा बॅग भरायची. काकूंच्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा हा त्रास जास्त होईल: बसच्या उंच पायऱ्या, दिवसातून दहा वेळा चढ-उतर.

कार्यक्रमपत्रिका वाचायची एक खूण सांगते, शेजाऱ्यांनी दिलेला कागद काढून बघा. प्रत्येक ठिकाणापुढचं क्रियापद वाचा. 'भेट' लिहिलं असेल तर तुम्ही आत जाणार. 'फोटो स्टॉप' असेल तर पंधरा मिनिटं उतरायचं, पाठमोरं उभं राहून फोटो काढायचा आणि परत. 'वाटेत दिसेल' किंवा 'ओरिएंटेशन टूर' असेल तर बसच्या काचेतून, तेही तुम्ही त्या बाजूला बसला असाल तर. आणि 'ऑप्शनल' म्हणजे तिथं गेल्यावर युरोत पैसे भरायचे, नाहीतर बाकीचे परत येईपर्यंत बाहेर बाकावर बसायचं. आठ देशांच्या पत्रिकेत 'भेट' हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. मी हे टूर कंपन्यांच्या विरोधात म्हणत नाही. कागदावर लिहिलेलं असतं, आपण देशांची संख्या मोजण्यात गुंततो. दोन किंवा तीन देशांची, एका हॉटेलात किमान दोन-तीन रात्री राहणारी, ज्येष्ठांसाठी वेगळी काढलेली टूर मिळते. ग्रुपनंच जायचं ठरलं तर तसली घ्या, आठ देशांची नको.

आता क्रूझ. हिच्यावर जरा जास्त लिहावं लागणार, कारण माहितीपत्रकातला फोटो बघून काकूंच्या मनात जे आलं असेल ते मला इथे बसून दिसतंय. नदी, दोन्ही काठांवर डोंगर, द्राक्षाचे मळे, वरती पडका किल्ला, आणि आपण डेकवर खुर्ची टाकून बसलोय.

ते सगळं खरं आहे. पण सात दिवसांतल्या एका दिवसापुरतं.

नदीवरची क्रूझ म्हणजे समुद्रातली ती हजारो माणसांची तरंगती वसाहत नव्हे. बोट लांबीला १३५ मीटरपर्यंत, रुंदीला साडेअकरा मीटरच्या आत, कारण तिकडच्या बऱ्याच जलपाशांची रुंदीच १२ मीटर आहे. जलपाश म्हणजे नदीतली पाण्याची पायरी: बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर काढायची. बोटीवर दीडशे ते पावणेदोनशे प्रवासी. पाणी संथ, बोट लागत नाही. एकदा बॅग उघडली की आठवडाभर भरायची नाही, हे हिचं सगळ्यात मोठं सुख. गुडघेदुखीवाल्यांना क्रूझ सुचवतात ती याच कारणासाठी, आणि तेवढ्यापुरता सल्ला बरोबर आहे.

पण ही बोट चालते केव्हा? बहुतेक रात्री. तुम्ही झोपता, ती चालते. सकाळी डोळे उघडता तेव्हा पुढच्या गावाच्या धक्क्याला लागलेली असते. मग नाश्ता करून सगळे उतरतात आणि गाईडमागे जुनं गाव बघायला पायी निघतात. ती जुनी गावं म्हणजे दगडी फरसबंदी, उंचसखल, गुळगुळीत झालेली. बासेलपासून अ‍ॅम्स्टरडॅमपर्यंत रोज तेच. दिवसा बोटीत बसून बघण्यासारखा मुख्य टप्पा म्हणजे रूडेसहाइम ते कोब्लेन्झ, सुमारे ६५ किलोमीटरची ती दरी. २००२ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहे, किल्ल्यांमागून किल्ले आणि लोरेलाईचा १३२ मीटर उंच कडा. तो टप्पा एका सकाळी किंवा दुपारी होऊन जातो. म्हणजे ज्या बाईला बोटीत बसायचंय तिच्यासाठी आपण लाखो रुपये भरणार, बोट चालेल ती तिच्या झोपेत, आणि दिवसभर ती दुखऱ्या गुडघ्यांनी दगड तुडवणार. बोटीवर थांबता येतं, कोणी ओढून नेत नाही. पण मग समोर दिसतो धक्का. तोही दिसेलच असं नाही: गर्दीच्या दिवसांत तीन-तीन, चार-चार बोटी एकमेकींना चिकटून लावतात, तुमच्या खोलीच्या काचेला शेजारच्या बोटीच्या खोलीची काच येते, आणि परक्या माणसाला सकाळी दात घासताना बघायची वेळ येते. सगळ्यात स्वस्त खोल्या खालच्या मजल्यावर, तिथली खिडकी पाण्याच्या जरा वर, आणि उघडत नाही.

दुसरं, नदी ही नदी असते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचं काय होतं आणि मे महिन्यात तिचं काय उरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऱ्हाइनचंही तसंच. २०१८ च्या ऑक्टोबरात मी आपल्याकडचे अठरा जण घेऊन गेले होते. त्या महिन्यात काउब नावाच्या गावच्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटीमीटरपर्यंत उतरलं होतं. याचा अर्थ नदी वीतभर खोल होती असा नाही, मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाला नसतो. पण मोठ्या बोटींना तिथून नीट जाता येत नव्हतं हे नक्की. आम्हाला निम्म्या वाटेत उतरवून बसमध्ये बसवलं, पुढच्या दोन रात्री हॉटेलात. कंपनीनं कराराच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, तिथं 'पाण्याच्या पातळीनुसार बदल' असं आधीच लिहिलेलं होतं. परतावा म्हणून पुढच्या क्रूझवर सवलतीचं कूपन. आमच्यातले एक बापू म्हणाले, 'क्रूझचे पैसे देऊन आपण एसटीत बसलो.' मी काय बोलणार. २०२२ च्या उन्हाळ्यातही पाणी असंच खाली गेलं होतं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये उलट डॅन्यूब नदीला पूर येऊन व्हिएन्नात बोटी अडकून पडल्या.

आणि जेवण. स्वयंपाकी चांगले असतात, पण शाकाहारी म्हटलं की चीज, बटाटा, पास्ता, सॅलड. अंडं नको म्हटलं की नाश्त्याचे आणि गोडाचे निम्मे पदार्थ गेले. सात रात्री, एकच भटारखाना, बाहेर काही मागवायची सोय नाही. चार दिवसांनी आमच्या मंडळींनी डब्यातला ठेचा बाहेर काढला आणि त्या चकचकीत डायनिंग हॉलमध्ये चक्क वाटून खाल्ला. सोबत म्हणाल तर बहुतेक अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन निवृत्त जोडपी. स्वभावानं चांगली असतात, पण रोज रात्री आठजणांच्या टेबलावर दोन तास इंग्रजीत गप्पा, हे काकूंना सुख वाटेल की शिक्षा, ते तुम्ही जाणता. वर बक्षिसीचे वेगळे पैसे, माणशी दिवसाला दहा-पंधरा युरो धरून चाला. विमान, व्हिसा धरून तुमचे सात लाख यातच संपतील, हंगामात कमीही पडतील.

क्रूझच करायची तर माझं मत इजिप्तमधल्या नाइलच्या बाजूनं. लक्झर ते आस्वान, तीन-चार रात्री. ती बोट दिवसाही बराच वेळ चालते, एडफू आणि कोम ओम्बोची देवळं वाटेत लागतात, एस्नाला जलपाश ओलांडायची गंमत बघता येते, खर्च ऱ्हाइनच्या मानानं फार कमी. काठावर खजूर, ऊस आणि चक्क केळीच्या बागा. रावेर-यावलच्या लोकांना मी तिथं डेकच्या कठड्याला टेकून घडांचा हिशेब मांडताना बघितलंय. पण उन्हाळ्यात नको, डिसेंबर-जानेवारीत. तो तुमचा दुसरा प्रवास होऊ द्या.

मुलाच्या म्हणण्याकडे येते. 'आपलं आपण' जाण्यात तुम्ही विकत घेता तो वेळ. आवडलं तिथं बसा, कंटाळा आला की उठा, दुपारी झोपा. पैसे वाचतात, हे मात्र अर्धंच खरं. कंपनी शंभर खोल्यांचा भाव करते, तुम्ही एका खोलीचा. वाचतात ते न बघितलेल्या देशांचे आणि न घेतलेल्या 'ऑप्शनल'चे. शिवाय बिनघोरी जाते, तिची जबाबदारी कोणीतरी उचलावी लागते. मुलगा बुकिंग करून देईल, मान्य. पण प्लॅटफॉर्म बदलला, खोलीच्या दाराचं कुलूप आकड्यांवर उघडतं आणि आकडे सापडत नाहीत, अशा वेळी तो पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये असणार. म्हणून सगळा युरोप आपलं आपण करा, असं मी पहिल्या खेपेला कोणाला सांगत नाही. इटलीत तर मुळीच नाही: प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट यंत्रात शिक्का मारून न घेतल्यामुळे दंड भरलेली चांगली शिकलेली माणसं मला माहीत आहेत. पण एक देश असा आहे, जिथं साठीतलं जोडपं, कामापुरतं इंग्रजी येत असेल तर, बिनधास्त जाऊ शकतं. तो म्हणजे स्वित्झर्लंड. तुम्ही तीस वर्षं शाळा चालवलीत, रेल्वेचं वेळापत्रक तुम्हाला जड नाही.

आता काकूंची बोट. स्विस ट्रॅव्हल पास नावाचा एक पास मिळतो, ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा. तो घेतला की देशभरच्या आगगाड्या, बस, ट्राम चालतात, आणि मोठ्या तलावांवरच्या नेहमीच्या प्रवासी बोटीसुद्धा. वेगळं तिकीट नाही, रांग नाही. पास दाखवायचा, बोटीत बसायचं, वाटेल त्या धक्क्यावर उतरायचं, पुढची बोट पकडून परत यायचं. पाहिजे तर उतरायचंच नाही. या बोटी दिवसा चालतात.

मी तुमच्यासाठी असं आखेन. झुरिच विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे, तिथून बर्नमार्गे दोन-सव्वादोन तासांत इंटरलाकेन. गावात दोन स्टेशनं, ओस्ट आणि वेस्ट. ओस्टजवळ स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची, पाच रात्री. ओस्ट स्टेशनच्या मागेच ब्रिएन्झ तलावाचा धक्का आहे. तिथून ब्रिएन्झ गावापर्यंत बोटीला सव्वा तास लागतो. पाणी असं हिरवं-निळं, की पहिल्यांदा बघणारा माणूस रंग टाकलाय का विचारतो. हिमनदीनं दगड दळून केलेलं पीठ त्यात तरंगत असतं, त्याचा तो रंग. वाटेत गीसबाखचा धबधबा थेट तलावात उतरतो, धक्क्यापासून वर जायला १८७९ सालची छोटी दोरीची गाडी आहे, पायऱ्या चढायला नकोत. वेस्ट स्टेशनजवळच्या धक्क्यावरून दुसऱ्या दिवशी थून तलावाची बोट, ती दोन तासांहून जास्त. दुसऱ्या वर्गाचा पास असेल तर खालच्या मजल्यावर बसायचं, वरचा डेक पहिल्या वर्गाचा असतो. काकूंसाठी म्हणून पहिल्या वर्गाचा पास घ्यायचा असेल तर गाड्यांपेक्षा या डेकसाठी घ्या.

मग तीन रात्री ल्युसर्न. तिथून बोटीनं व्हिट्सनाउ, आणि पुढे १८७१ साली सुरू झालेली दात्यांच्या रुळांची गाडी रिगी डोंगरावर नेते. तीही पासात बसते. शेवटची रात्र झुरिच. तिथून आगगाडीनं तासाभरात ऱ्हाइनचा धबधबा: दीडशे मीटर रुंद, २३ मीटर उंच. छोटी बोट पार पाण्याच्या तोंडाशी जाते, तुषारांनी चिंब करते. भाच्याला फोटो पाठवा, ऱ्हाइनवर बोटीत बसून आलो म्हणून.

इंटरलाकेनच्या बाजूचं, बर्फातलं युंगफ्राउयोख करायचं का? ते रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, पासात फक्त सवलत मिळते, बाकीचे पैसे भरावेच लागतात. तुमची शुगर आणि असेल तर बीपी, डॉक्टरांना विचारून ठरवा. बर्फ बघितल्याशिवाय अमळनेरला तोंड कसं दाखवायचं असा प्रश्न असेल तर जा. माझा जीव मात्र खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत रमतो, सुमारे तीनशे मीटर उंचीवरून एक धबधबा सरळ गावावर पडतो आणि ते बघायला बाक टाकलेले आहेत.

स्वयंपाकघरावर मी जोर का देतेय ते काकूंना लगेच कळलं असेल. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे न्या. सपाट बुडाचा लोखंडी तवा न्या, तिथल्या इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापत नाही. तूप, पेढे, खव्याचं काहीही मात्र नेऊ नका: युरोपात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही कागदपत्रं लागतात. त्यातून सूट असलेली फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. नियम लिहिणाऱ्यानं जळगावकरांची सोय कशी काय बघितली कोण जाणे. भरीत मात्र विसरा. वांगी मिळतात, मोठी, काळीशार, पण इंडक्शनवर भाजणार कशी? आणि खोलीत धूर म्हणजे काय ते मी अनुभवलंय: ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलात आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी चतुर्थी म्हणून खोलीत उदबत्ती लावली. सहा मिनिटांत सगळं हॉटेल नाइट ड्रेसमध्ये रस्त्यावर आणि समोर अग्निशमनचा बंब. बिल काकांच्या नावावर फाटलं. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच भरा. पाणी नळाचं प्या, विकत घेऊ नका.

कागदपत्रांचं भराभर सांगते. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, दोन कोरी पानं हवीत. व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मी तीन महिने आधी करायला लावते. फी मोठ्यांना ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला दोघांना जावंच लागेल, सुरतमार्गे मुंबई गाठा, एक दिवसाचं काम. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे, युरो नाही. विमा किमान ३०,००० युरोचा सक्तीचा, पण त्यावर थांबू नका, आणि विम्याच्या अर्जात शुगर लिहा. लपवली तर दाव्याच्या वेळी तेच कारण काढतात. गोळ्या दोन भागांत ठेवा, एक भाग हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीवर औषधाचं मूळ नाव.

टीसीएसबद्दल, म्हणजे कंपनी आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरते त्या आयकराबद्दल, मुलाला सांगा: भारतातल्या कंपनीकडून परदेशी टूरचं पॅकेज घेतलं की तो किमतीवर लावतात, दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलाय. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. पण ज्यांचं पॅनकार्ड देता त्यांनी विवरणपत्र भरायला हवं. काकूंच्या नावावर भरलात आणि त्या विवरणपत्र भरत नसतील, तर ते पैसे नुसते तिथं पडून राहतात.

तुमच्या सात लाखांत हे सगळं बसतं, आधी बुक केलंत तर थोडं उरतंही. मुलाला एक काम द्या: प्रत्येक दिवसाचा एकेक कागद छापून द्यायला सांगा, मोठ्या अक्षरांत, गाडीची वेळ, प्लॅटफॉर्म, खोलीचा पत्ता, दाराचे आकडे. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही. बॅग चाकांची, प्रत्येकी एक, तुम्हाला एकट्याला उचलता येईल एवढीच. तिथं हमाल मिळत नाही.

राहता राहिला महिना. एप्रिल-मे नको, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी येणार, काकू मनानं इथंच राहतील. जूनचा दुसरा पंधरवडा चालतो. त्याहून बरा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा: बोटी चालू असतात, गर्दी ओसरलेली असते. त्या वेळी बहुधा पितृपक्ष येईल. काकूंची हरकत नसेल तर सप्टेंबर धरा, असेल तर जून.